एकाच नंबरच्या दोन नोटा

शनिवारी सकाळी मामांचा फोन आला की मी तो थोडा वाजू देते. चहा गाळून घेते, बसायला जागा बघते आणि मगच उचलते. त्यांचा फोन उभ्याउभ्या आटपत नाही.

त्या शनिवारी त्यांनी सुरुवातच केली, "तू आयटीत आहेस ना?"

मी ब्रॅकनेलच्या एका कंपनीत पगाराचं सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. पण मामांच्या लेखी आयटी ही फार मोठी गोष्ट आहे. बॉयलर बंद पडला, टीव्हीवर आपोआप सबटायटल्स यायला लागली, कौन्सिलने कचऱ्याचे बिन न्यायचा वार बदलला, की हे सगळं आयटी. मी वॉटफर्डला राहते आणि ते पिनरला, म्हणजे गाडीने जवळच. त्यामुळे आयटी शनिवारी त्यांच्या दारात हजर होऊ शकते.

"आहे ना," मी म्हटलं. "काय झालं?"

"एका अमेरिकन नोटेची किंमत काढायची आहे. खरं तर दोन नोटांची. फोनवर बोलायला नको, तू ये."

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. सत्तरच्या दशकात इंजिनिअर म्हणून इकडे इंग्लंडला आले ते इथलेच झाले. लहानपणी ते मला क्वचितच भेटले, म्हणून सख्खे मामा असून मी त्यांना अहो-जाहो करते. मामी गेल्यापासून ते पिनरच्या घरात एकटेच असतात. मुलगा ब्रिस्टलला, मुलगी लीड्सला. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. वडिलांनी घर विकावं की नाही, यावरून मामींच्या दिवसकार्यातच त्यांचं वाजलं. तेव्हापासून ज्याला जे सांगायचं असेल ते तो मला सांगतो आणि मी ते पुढे कळवते. हे काम मी कधी मागून घेतलं नव्हतं.

मी पोचले तेव्हा मामांनी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरून ठेवला होता. त्यावर दोन नोटा. दहा-दहा डॉलरच्या, आकाराने हल्लीच्या डॉलरएवढ्याच, पण उजवीकडचा शिक्का आणि नंबर तपकिरी रंगात. डावीकडे काळ्या अक्षरांत एका बँकेचं आणि आयोवा राज्यातल्या एका गावाचं नाव. त्या गावाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, आणि नंतर नकाशावर शोधलं तर त्याच्या भोवती मक्याच्या शेतांखेरीज काही दिसलं नाही.

या नोटा मामांकडे कशा आल्या, ते मला अर्धवट ठाऊक होतं. ते इकडे नवे आले तेव्हा वॉटफर्डमध्ये एका विधवा बाईंच्या घरी खोली घेऊन राहत. लग्न झाल्यावर मामीही तिथेच आल्या. त्या बाईंची मावशी तरुणपणी अमेरिकेत घरकामाला गेली होती. काही वर्षांनी ती परत आली, तेव्हा पगारातल्या या दोन कोऱ्या नोटा तिने आठवण म्हणून न मोडता ठेवल्या. मामांना मुलगा झाला तेव्हा घरमालकीण बाईंनी त्यातली एक नोट बाळाच्या हातात ठेवली. पुढे मुलगी झाली तेव्हा दुसरी. मामींनी दोन्ही नोटा पाकिटात घालून दागिन्यांच्या डब्यात ठेवल्या, आणि त्या तिथेच राहिल्या.

"मी व्हिडिओ बघितला," मामा म्हणाले. "अमेरिकेत अशीच एक नोट लिलावात गेली. एक घर येईल एवढ्याला."

"अशीच?"

"अशीच म्हणजे, जुनी."

मी म्हटलं, मामा, फोटो काढते, कोणाला तरी विचारते. तर ते नोटांवर हात ठेवून बसले. फोटो इंटरनेटवर गेला की लोक त्याची नक्कल करतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्याऐवजी आपण बँकेत जाऊ, असा त्यांचा आग्रह.

गेलो. पिनरमध्ये आता बँकेची शाखा शोधावी लागते. जी सापडली तिथल्या काउंटरवरच्या मुलीने नोट लांबूनच बघितली आणि आम्ही परदेशी चलन घेत नाही असं सांगितलं. परदेशी चलन बदलून देणाऱ्या दुकानातल्या माणसाने ती मशीनखाली धरली आणि मशीन ओळखत नाही म्हणून परत केली. शेवटी एका अँटिकच्या दुकानात गेलो. मालक अगदी सभ्य होता. म्हणाला, छान आहे, फ्रेम करून लावा, लोकांना बोलायला विषय होईल.

गाडीत बसल्यावर मामा म्हणाले, "यांना कोणालाच काही कळत नाही."

"ते अमेरिकन नोटांचे जाणकार नाहीत, मामा. मी हेच सकाळी सांगत होते."

"मग जाणकार कुठे असतात?"

"इंटरनेटवर."

घर येईपर्यंत ते मोठ्या मनाने तयार झाले, पण स्वतः फोटो काढून पाठवतो म्हणाले. रविवारी फोटो आले. प्रत्येक फोटोत नोट होती आणि नोटेच्या नंबरावर मामांचा अंगठा होता. मी फोन करून सांगितलं की नंबर दिसायला हवा. मग दुसरे फोटो आले. आता अंगठा गावाच्या नावावर होता.

दरम्यान मी वाचायला लागले होते. इच्छा नव्हती, पण कुठली गोष्ट हाताला लागली की ती तपासून बघायची सवय कामामुळे लागली आहे. कळलं ते असं. एकेकाळी अमेरिकेत गावोगावच्या बँकांना सरकारी परवाना घेऊन स्वतःच्या नावाच्या नोटा काढता येत. नोट सरकारच छापी, पण तिच्यावर त्या बँकेचं नाव, गाव, तिथल्या अध्यक्षाची आणि कॅशियरची सही असे. प्रत्येक बँकेचा एक परवाना क्रमांक असतो आणि तोही नोटेवर छापलेला असतो. किंमत ठरते ती मुख्यतः दोन गोष्टींवर: त्या गावच्या किती नोटा आज शिल्लक आहेत, आणि ही नोट किती जपली गेली आहे. मोठ्या शहरातल्या बँकेची नोट फारशी महाग नसते, कारण तशा खूप उरल्या. चिमुकल्या गावची असली तर संग्राहक कान टवकारतात.

हे मी मामांना समजावायला गेले तेव्हा त्यांनी नोटेवरचं एकोणीसशे एकोणतीस साल दाखवलं.

"मंदीचं वर्ष. शेअर बाजार पडला त्या वर्षीची नोट. म्हणून किंमत."

"ते साल त्या मालिकेचं आहे, मामा. पुढे कितीतरी वर्षं नोटांवर तेच साल छापत होते."

"पण लिहिलंय तर एकोणतीस."

मी साल एकोणतीसच राहू दिलं. बाजूला उभा छापलेला परवाना क्रमांक त्यांना नोटेचा नंबर वाटत होता, तेही मी त्या दिवशी सोडून दिलं.

मधल्या एका संध्याकाळी कामावरून निघून मी लंडनभोवतीच्या एम-ट्वेंटीफाइव्ह हायवेवर अडकले होते. फोन वाजला आणि गाडीच्या स्पीकरवर मामांचा आवाज आला. आवाज दबका होता, शेजारी कोणी ऐकत असावं तसा.

"दोन्ही नोटांचा नंबर एकच आहे."

"परवाना क्रमांक एकच असणार, मामा. बँक एकच आहे."

"तो नाही. खरा नंबर. तपकिरी. भिंग लावून बघितलाय. एक्केचाळीस. दोन्हींवर एक्केचाळीस. छापणाऱ्याची चूक आहे ही. चुकीच्या नोटांना काय भाव येतो माहितीये तुला?"

मी घरी पोचेपर्यंत त्यांनी दोन्ही मुलांना कळवून टाकलं होतं. मुलाचा मला फोन आला. तो अकाउंटंट आहे, आणि मराठी बोलतो ते फक्त वडिलांविषयी बोलताना.

"ताई, दोन नोटांचा सेम नंबर म्हणजे फेक आहे. इट्स ऑब्व्हियस. डॅडना सांग, तो नोट फेक आहे."

"ती नोट," मी सवयीने म्हटलं.

"तो, ती, व्हॉटेव्हर. फेक आहे."

तो फोन ठेवते तोच त्याच्या बहिणीचा. तिला भावाचं म्हणणं मामांकडून कळलं होतं आणि ती दुखावली होती.

"त्या लँडलेडीने आईला फेक नोट दिला असं तो बोलतो? ती बाई मला ख्रिसमसला स्वतःच्या हाताने कार्डिगन विणून पाठवायची. त्याला सांग, असं बोलायचं नाही."

"तू सांग ना त्याला."

"मी त्याच्याशी बोलत नाही, यू नो दॅट."

आठवडाभर हे चाललं. वडील म्हणत चूक, म्हणजे मोठं घबाड. मुलगा म्हणे बनावट. मुलगी म्हणे पैशाचा प्रश्नच नाही, पण माझी माझ्याकडे द्या, त्याची त्याला द्या आणि विषय संपवा. हे तिघंही मला सांगत. नोटा कोणी नीट बघत नव्हतं.

शेवटी मीच शनिवारी पिनरला गेले. मामांना म्हटलं, हात बाजूला घ्या आणि दहा मिनिटं काही बोलू नका. दोन्ही नोटा शेजारी ठेवल्या. नंबर एकच होता हे खरं. पण एका नंबराच्या आधी बी अक्षर होतं आणि दुसऱ्याच्या आधी सी. मी फोनवर शोधलं, आणि पाच मिनिटांत उत्तर मिळालं. त्या मालिकेतल्या सुरुवातीच्या नोटा सहा-सहाच्या तावात बँकेकडे येत. एका तावावरच्या सहाही नोटांना नंबर एकच, फक्त आधीचं अक्षर ए पासून एफ पर्यंत बदलायचं. बँकेतलं माणूस तो ताव कापून नोटा सुट्या करी.

मी बीची खालची कड सीच्या वरच्या कडेला लावली. कापणाऱ्याचा हात मध्ये किंचित घसरला होता. एकीवर बारीकसा फुगवटा होता, दुसरीवर तेवढाच खळगा. दोन्ही कडा एकमेकींत बसल्या. आयोवातल्या कुठल्याशा कॅशियरची वाकडी कात्री इतक्या वर्षांनी पिनरच्या टेबलावर दिसत होती. त्या सगळ्या प्रकरणात मला खरोखर आनंद झाला तो त्या एका क्षणी.

"म्हणजे चूक नाही?" मामा म्हणाले.

"चूक नाही. बनावटही नाही. या बहिणी आहेत. एकाच तावातल्या, वरखाली."

"मग किंमत कमी झाली म्हणायची."

मी एका अमेरिकन संग्राहकाला लिहिलं, या वेळी अंगठा नसलेले फोटो जोडून. तो निवृत्त शिक्षक होता आणि त्याच राज्याच्या नोटा जमवायचा. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्या गावच्या नोटा फार थोड्या दिसतात, आणि एका तावातली सलग जोडी तर त्याने पाहिलीच नव्हती. विकायच्या असल्या तर आधी त्याला विचारावं, पण घाई नाही. त्याने एक विनंतीही केली होती, की काही झालं तरी जोडी फोडू नका.

खात्री करून घ्यावी म्हणून मी लंडनमधल्या एका हॉटेलात भरणाऱ्या नोटांच्या प्रदर्शनाला मामांना घेऊन गेले. तिथल्या एका व्यापाऱ्याने नोटा उजेडात धरल्या, कडा बघितल्या, घडीची एक पुसट रेघ बघितली. त्यानेही तेच सांगितलं. जो आकडा त्याने सुचवला त्यात घर येणार नव्हतं, पण मामांच्या घराचं गळकं छप्पर नीट झालं असतं आणि वर बरंच उरलं असतं. सुट्या विकल्या तर मात्र जोडीचा मान जाईल, असं म्हणाला. धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका, हेही बजावलं. मामांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली.

परतताना ट्रेनमध्ये मी पुन्हा सगळं मराठीत सांगितलं. जोडी फोडायची नाही. धुवायचं नाही. इस्त्री नाही. चिकटपट्टी नाही.

"समजलं," मामा म्हणाले. "मी काय लहान आहे का?"

आता प्रश्न उरला मुलांचा. नोटा एकेकाच्या नावाने मिळालेल्या, आणि वेगळ्या करायच्या नाहीत. मी दोघांनाही फोन केला आणि सांगितलं, की मी आता निरोप्याचं काम सोडते आहे, रविवारी दोघांनी जेवायला पिनरला यावं आणि समोरासमोर ठरवावं. मला वाटलं होतं कोणीतरी नाही म्हणेल. दोघंही आली. मुलगा जेवणाच्या टेबलाच्या या टोकाला बसला, मुलगी त्या. मी मसालेभात केला होता, तो दोघांनी न बोलता खाल्ला. मीठ हवं असलं तरी ती मला म्हणे, मीठ दे.

जेवण झाल्यावर मामा उठले. आतून काहीतरी घेऊन आले आणि टेबलावर ठेवलं. एक चकचकीत प्लास्टिकचा पत्रा होता, ए-फोर आकाराचा. आत दोन्ही नोटा, वर बी आणि खाली सी. खाली कागदाच्या पट्टीवर मामांच्या नेटक्या अक्षरात दोन्ही मुलांची नावं.

मला पहिल्यांदा कळेचना मी काय बघते आहे. मी तो उचलला. कडेला नखाने उचकटून बघितलं. हवेचा बुडबुडासुद्धा नव्हता. काम अगदी सफाईदार होतं.

"मामा, हे काय केलंत?"

"लॅमिनेट केलं. सुपरमार्केटमध्ये मशीन मिळालं स्वस्तात. आधी बिन-कलेक्शनच्या कॅलेंडरवर करून बघितलं."

"गरम करून चिकटवलंत तुम्ही त्यांना."

"धुतलं नाही. इस्त्री केली नाही. चिकटपट्टी लावली नाही. लॅमिनेट करू नका असं तू कुठे म्हणालीस?"

मी खाली बसले. मला इतका राग आला होता की तो पत्रा मी टेबलावर उलटा ठेवला. मी टेबलावरूनच त्या व्यापाऱ्याला फोन लावला. त्याचं कार्ड पर्समध्ये होतं. रविवार असूनही त्याने उचलला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, की काढायला गेलात तर शाई आणि कागद दोन्ही निघून येतील. आता ती एक आठवण आहे. तो हळूच बोलला, दवाखान्यात बोलतात तसं.

मी सगळ्यांना ते सांगितलं. मामा स्वस्थ बसले होते.

"पण जोडी फोडायची नाही म्हणाले होते ना सगळे," ते म्हणाले. "तुम्ही दोघं इथे यायचात, भांडायचात आणि आपापली घेऊन जायचात. मला माहिती नाही का? आता ती फुटत नाही."

"डॅड," मुलगा म्हणाला, "यू हॅव डिस्ट्रॉइड इट."

"रूफचे पैसे होते ते," मुलगी म्हणाली.

"एक्झॅक्टली. रूफ."

ती दोघं पहिल्यांदाच एकमेकांकडे बघून बोलली होती. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तो तिच्या मागे गेला. दार लोटलेलं होतं तरी ऐकू येत होतं. बाबांना एकटं ठेवणं आता शक्य नाही, उद्या हे गॅसवर काही लॅमिनेट करतील, छपराचा खर्च दोघांनी उचलावा लागणार, बिल्डर कोण बघणार, असं बराच वेळ चाललं होतं. एकदा ती हसली असं मला वाटलं. बाहेर मामा कान देऊन ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरत होतं ते मला बघवत नव्हतं.

त्यांनी हे मुद्दाम केलं होतं का? मला अजूनही कळलेलं नाही. कधी वाटतं, हा माणूस वाटतो त्याहून फार धूर्त आहे. कधी वाटतं, त्यांना फक्त नवीन मशीन वापरून बघायचं होतं. पुढे एकदा मी सरळ विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "दोन्ही," आणि पेपर वाचायला लागले.

त्या अमेरिकन शिक्षकाला मात्र मलाच लिहावं लागलं. लॅमिनेट हा शब्द टाइप करायला मला फार जड गेलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. कळवल्याबद्दल आभार मानले होते, आणि निदान त्या एकत्र आहेत, असं लिहिलं होतं. मला त्याचा इतका समजूतदारपणाही सहन झाला नाही.

त्या रविवारी दोघं स्वयंपाकघरातून बाहेर आली ती ठरवूनच. तो पत्रा आधी लीड्सला जाणार होता, कारण मुलाच्या बायकोला भिंतीवर असलं काही चालत नाही. तो बहिणीला किंग्ज क्रॉस स्टेशनला सोडणार होता, जरी ते त्याच्या वाटेवर अजिबात नव्हतं. मला कोणी काही विचारलं नाही. गाडी निघाली तेव्हा ती खिडकीतून मला म्हणाली, "ताई, थँक्स हां, तुझा भात छान होता."

मी आत येऊन भांडी विसळायला लागले. मामा टॉवेल घेऊन शेजारी पुसायला उभे राहिले.

"तू चिडलीस का?" त्यांनी विचारलं.

"हो, मामा. खूप."

"बरं," ते म्हणाले आणि पुसलेली ताटली चुकीच्या कपाटात ठेवली.